घन-अवस्था संचयक : विकास व निवड

संगणकातील माहिती विद्युत् पुरवठा बंद असतानाही टिकवून धरणाऱ्या आणि एकही फिरता वा सरकता भाग नसलेल्या अर्धसंवाहक साधनास घन-अवस्था संचयक म्हणतात. सर्वसामान्य व्यवहारात हे साधन एसएसडी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. संगणकाची मुख्य स्मृती विद्युत् पुरवठा बंद होताच पुसली जाते. म्हणून कार्यप्रणाली, आज्ञावली, लेखन, छायाचित्रे इ. कायम ठेवण्यासाठी सहायक स्मृतीची गरज असते. सुमारे अर्धशतक हे काम प्रामुख्याने चुंबकीय तबकडीने केले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून घरगुती संगणकात तिची जागा घन-अवस्था संचयकाने घेण्यास प्रारंभ झाला.

या साधनाचा इतिहास म्हणजे संगणकातील अडथळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकत गेल्याचा इतिहास आहे. प्रथम तो तबकडीच्या यांत्रिक हालचालीत होता. ती नाहीशी झाल्यावर तो जोडमार्गात आढळला, जोडमार्ग रुंदावल्यावर आदेश देण्याच्या पद्धतीत आणि शेवटी खुद्द स्मृतिकोष्ठात. विक्रीच्या वेष्टनावर छापलेला वेग हा बहुधा आधीच दूर झालेल्या अडथळ्याचे माप असतो. त्यामुळे घरच्या संगणकासाठी वेगवान संचयक निवडताना हा क्रम माहीत असणे उपयुक्त ठरते.

चुंबकीय तबकडीची मर्यादा : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक ३०५ ही संगणक प्रणाली जाहीर केली. तिच्यातील संचयकात सुमारे ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या एका आसावर दर मिनिटास १,२०० फेरे या गतीने फिरत आणि त्यांवर ५० लाख वर्ण साठविता येत. हव्या असलेल्या नोंदीपर्यंत पोहोचण्यास या साधनास सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा क्रमाने वाचण्याच्या त्या काळात कोणतीही नोंद थेट काढता येणे, ही क्रांतिकारक गोष्ट होती.

पुढील ५० वर्षांत तबकडीचा आकार लहान झाला आणि धारकता मात्र प्रचंड वाढली. १९८० मध्ये सीगेट कंपनीने १३ सेंमी. रुंदीच्या चौकटीत बसणारी ५ मेगाबाइटांची तबकडी विक्रीस आणली, तर २००७ मध्ये घरगुती संगणकासाठी १ टेराबाइटाची तबकडी उपलब्ध झाली. रॅमॅकच्या तुलनेत ही धारकता अडीच लाख पटींहून अधिक होती. नोंदीपर्यंत पोहोचण्याचा काळ मात्र या अवधीत पन्नास पटही कमी झाला नाही.

याचे कारण यांत्रिक आहे. दर मिनिटास ७,२०० फेरे करणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर नेणाऱ्या भुजेस आणखी ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. अशा रीतीने विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साधारणपणे ८० इतक्याच वाचता येतात. मोठ्या संस्थांच्या संगणकांसाठी दर मिनिटास १५,००० फेरे करणाऱ्या तबकड्या २००० च्या सुमारास तयार झाल्या, तरी अर्ध्या फेऱ्याचे २ मिलिसेकंद उरलेच. याच काळात सूक्ष्मप्रक्रियक एका सेकंदात अब्जावधी क्रिया करू लागला होता. सर्व जलद भाग एका संथ भागाची वाट पाहत थांबून राहत.

फ्लॅश स्मृतीचा उदय : अर्धसंवाहकात माहिती कायम ठेवण्याची मूळ कल्पना १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग व सायमन झी यांनी मांडली. ट्रँझिस्टराच्या नियंत्रक द्वाराखाली सर्व बाजूंनी निरोधक थराने वेढलेले आणखी एक द्वार ठेवले, तर त्यात शिरलेले इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकत नाहीत. या बंदिस्त द्वारास तरते द्वार म्हणतात. त्यात विद्युत् भार आहे की नाही, यानुसार ट्रँझिस्टर वेगवेगळ्या विद्युत् दाबास संवाहक होतो आणि या फरकावरून साठविलेला अंक वाचता येतो.

इंटेल कंपनीतील डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये या तत्त्वावर २,०४८ द्विमान अंकांची (बिटांची) पुसता येण्याजोगी स्मृती तयार केली. ती पुसण्यासाठी मात्र तिच्यावर जंबुपार प्रकाश टाकावा लागे. म्हणजे चकती मंडलातून काढून काही मिनिटे दिव्याखाली ठेवणे भाग होते. साहजिकच वरचेवर बदलणाऱ्या माहितीसाठी ती निरुपयोगी होती.

घन-अवस्था संचयक ही संज्ञा आज फ्लॅश स्मृतीशी जोडली गेली असली, तरी साधन तिच्या आधीचे आहे. अमेरिकेतील स्टोरेज टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये मोठ्या संगणकांसाठी ४५ मेगाबाइटांचा अर्धसंवाहक संचयक तयार केला होता. अशी साधने वेगवान होती. परंतु त्यांची किंमत मोठ्या संस्थांनाच परवडणारी होती.

निर्णायक प्रगती जपानमध्ये झाली. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी विद्युत् स्पंदाने मोठा स्मृतिभाग एकदम पुसता येईल अशी रचना शोधून काढली आणि १९८४ मध्ये ती विद्वत्परिषदेत मांडली. पुसण्याची ही क्रिया छायाचित्रकाच्या दिव्याच्या लखलखाटासारखी असल्याने त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. १९८७ मध्ये मासुओका यांनी नँड प्रकारची रचना मांडली. आधीच्या नॉर प्रकारात प्रत्येक कोष्ठ वाचनतारेस स्वतंत्रपणे जोडलेला असतो. नँड प्रकारात अनेक कोष्ठ माळेप्रमाणे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे जोडण्या कमी लागतात, तेवढ्याच जागेत अधिक कोष्ठ बसतात आणि खर्च उतरतो. मात्र एकेक अक्षर सुटे न वाचता संपूर्ण पान वाचावे लागते. तबकडीची जागा घेण्यासाठी नेमका हाच प्रकार योग्य ठरला.

मासुओका १९९४ मध्ये तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात गेले. शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही, म्हणून त्यांनी पुढे कंपनीविरुद्ध दावा केला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येन घेऊन तो सामोपचाराने मिटला.

इलाय हरारी, भारतात जन्मलेले संजय मेहरोत्रा व जॅक युआन यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत सनडिस्क ही कंपनी काढली. तिचेच नाव पुढे सॅनडिस्क झाले. या कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमसाठी २० मेगाबाइटांचा फ्लॅश संचयक बनविला. त्याची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. त्यानंतरची सुमारे १५ वर्षे फ्लॅश स्मृती मुख्यत्वे छायाचित्रक, भ्रमणध्वनी आणि लष्करी व औद्योगिक उपकरणे यांत वापरली गेली. २००६ मध्ये सॅमसंग कंपनीने ३२ गिगाबाइटांचा संचयक बसविलेले सुवाह्य संगणक बाजारात आणले. २००८ मध्ये इंटेलने काढलेल्या ८० गिगाबाइटांच्या संचयकाची घाऊक किंमत ५९५ डॉलर होती. तो सेकंदाला २५० मेगाबाइटांपर्यंत माहिती वाचत असे. घरगुती संगणकाच्या दृष्टीने घन-अवस्था संचयकाचे युग येथून सुरू झाले, असे सामान्यतः मानतात.

कोष्ठ व त्याची किंमत : तरत्या द्वारात इलेक्ट्रॉन घालण्यासाठी नियंत्रक द्वारास सुमारे २० व्होल्ट इतका दाब द्यावा लागतो. या प्रबळ विद्युत् क्षेत्रात इलेक्ट्रॉन निरोधक थर पार करतात. राल्फ फाउलर व लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये विवरण केलेल्या पुंजयामिकीय सुरंगन क्रियेचा हा व्यावहारिक उपयोग होय. प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन आरपार गेल्याने निरोधक थराची थोडी झीज होते. म्हणून कोष्ठ किती वेळा लिहिता-पुसता येईल यास मर्यादा असते.

प्रारंभी एका कोष्ठात एकच बिट साठवीत. त्यासाठी भाराच्या दोन पातळ्या ओळखणे पुरे होते. दोन बिटांसाठी ४, तीन बिटांसाठी ८ आणि चार बिटांसाठी १६ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. वाढीव धारकतेसाठी वेग व टिकाऊपणा या दोहोंतून किंमत मोजावी लागते. लिहिताना भार अधिक काळजीपूर्वक, टप्प्याटप्प्याने भरावा लागतो, वाचताना अधिक वेळा तपासावा लागतो आणि थोड्याशा गळतीनेही पातळी चुकते. एक बिटाचा कोष्ठ साधारणपणे १ लाख वेळा लिहिता-पुसता येत असे. तीन बिटांच्या कोष्ठाबाबत हा आकडा काही हजारांवर, तर चार बिटांच्या कोष्ठाबाबत सुमारे हजारावर वा त्याहूनही खाली येतो. आज घरगुती वापराचे बहुतेक संचयक तीन किंवा चार बिटांचे असतात.

कोष्ठ सपाट पृष्ठभागावर अधिकाधिक लहान करीत जाण्याची पद्धत १५ नॅनोमीटरांच्या आसपास अडली. कारण एवढ्या लहान द्वारात फार थोडे इलेक्ट्रॉन मावतात व शेजारच्या कोष्ठांचा एकमेकांना उपद्रव होतो. यावर उपाय म्हणून कोष्ठांचे थर एकावर एक रचण्यात आले. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची स्मृती मोठ्या प्रमाणावर बनविण्यास सुरुवात केली. २०२२ पर्यंत थरांची संख्या २०० च्या पुढे गेली. उंची वाढविता येऊ लागल्याने प्रत्येक कोष्ठ थोडा मोठा ठेवणे शक्य झाले आणि तीन बिटांचा कोष्ठ घरगुती कामासाठी भरवशाचा ठरला.

नियंत्रकाचे कार्य : फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लेखन काही किलोबाइटांच्या पानावर होते, तर पुसणे मात्र अनेक पानांच्या मोठ्या खंडाचेच होते. म्हणून बदललेली माहिती नव्या पानावर लिहून जुने पान रद्द समजले जाते आणि सवडीने उपयोगी पाने दुसरीकडे हलवून संपूर्ण खंड पुसला जातो. हे काम संचयकातील नियंत्रक नावाचा सूक्ष्मप्रक्रियक करतो. सर्व कोष्ठांची झीज सारखी व्हावी यासाठी तो लेखनाच्या जागा फिरवीत राहतो आणि वाचनातील चुका गणितीय संकेतांच्या साहाय्याने दुरुस्त करतो. कार्यप्रणालीने कोणती माहिती काढून टाकली हे नियंत्रकास कळविण्याची सोय विंडोज ७ मध्ये २००९ साली आली. त्यामुळे निरर्थक पाने हलविण्याचे श्रम वाचले. मात्र चुकून काढून टाकलेली माहिती परत मिळविणेही त्यामुळे बहुधा अशक्य झाले.

कोणती माहिती कोठे आहे याचा तक्ता नियंत्रकास सतत पाहावा लागतो. १ टेराबाइटाच्या संचयकासाठी हा तक्ता सुमारे १ गिगाबाइटाचा होतो. महाग संचयकांत तो ठेवण्यासाठी स्वतंत्र जलद स्मृती असते. स्वस्त संचयकांपैकी काही संगणकाच्या मुख्य स्मृतीतील लहानसा भाग उसना घेतात. ही सोय २०१४ मध्ये प्रमाणित झाली. काहींमध्ये यांपैकी काहीच नसते. ते विखुरलेल्या नोंदी हाताळताना मंदावतात.

नियंत्रकाची आणखी एक युक्ती ग्राहकाने लक्षात घ्यावी अशी आहे. तीन वा चार बिटांच्या कोष्ठांपैकी काही कोष्ठ तात्पुरते एक बिटाचे समजून त्यांत माहिती जलद लिहून घेतली जाते आणि नंतर ती दाट स्वरूपात मांडली जाते. वेष्टनावरील लेखनवेग या तात्पुरत्या भागाचा असतो. तो भरला, की खरा वेग प्रकट होतो. चार बिटांच्या काही संचयकांत तो चुंबकीय तबकडीच्या वेगाइतका किंवा त्याहूनही कमी होतो. संचयक जसजसा भरत जातो, तसतसा हा तात्पुरता भागही बहुधा आकुंचन पावतो.

जोडमार्गाचा विकास : संचयक व संगणक यांमधील साटा हा एकसरी जोडमार्ग २००३ पासून वापरात आला. त्याचा प्रारंभीचा वेग सेकंदाला १५० मेगाबाइट होता. २००९ मधील तिसऱ्या आवृत्तीत तो ६०० मेगाबाइटांवर गेला. चुंबकीय तबकडीस हा मार्ग नेहमीच प्रशस्त होता. फ्लॅश संचयकांनी मात्र अल्पावधीतच तो पूर्ण भरून टाकला. त्यामुळे या मार्गावरील चांगल्या संचयकांचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटांवर येऊन थांबला. शिवाय या मार्गावरील आदेशपद्धती तबकडी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. तिच्यात आदेशांची एकच रांग असे व रांगेत ३२ आदेश मावत. एकच वाचनशीर्ष सरकविणाऱ्या यंत्रास हे पुरेसे होते. परंतु अनेक चकत्यांतून एकाच वेळी वाचू शकणाऱ्या साधनास ते अपुरे पडले.

म्हणून फ्लॅश स्मृतीसाठीच आखलेली एनव्हीएमई ही आदेशपद्धती मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ६५,००० रांगा आणि प्रत्येक रांगेत तितकेच आदेश यांची तरतूद आहे. हे संचयक पीसीआय एक्सप्रेस या मार्गाने प्रक्रियकाशी थेट जोडले जातात. चार मार्गिकांच्या जोडणीचा कमाल वेग तिसऱ्या आवृत्तीत (२०१०) सेकंदाला सुमारे ३.९ गिगाबाइट, चौथ्या आवृत्तीत (२०१७) सुमारे ७.९ गिगाबाइट आणि पाचव्या आवृत्तीत (२०१९) सुमारे १५.८ गिगाबाइट आहे. याच काळात एम.२ ही पट्टीच्या आकाराची जोडणी रूढ झाली. घरगुती संगणकातील तिची नेहमीची पट्टी २२ मिमी. रुंद व ८० मिमी. लांब असते. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्याच खाचेत काही ठिकाणी साटा, काही ठिकाणी एनव्हीएमई, तर काही ठिकाणी दोन्ही पद्धतींचे संचयक चालतात. हा भेद न ओळखल्याने पुष्कळांची फसगत होते.

वेगाचे दोन अर्थ : क्रमाने वाचण्याचा वेग व विखुरलेल्या नोंदी वाचण्याचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रपटासारखी मोठी संचिका एका जागेवरून दुसरीकडे नेताना पहिला वेग उपयोगी पडतो. संगणक सुरू होताना किंवा एखादी आज्ञावली उघडताना मात्र हजारो लहान नोंदी वाचाव्या लागतात आणि पुष्कळदा एक नोंद वाचून झाल्याशिवाय पुढची कोणती हे ठरत नाही. अशा वेळी हजारो रांगांची तरतूद निरुपयोगी असते. एका नोंदीस लागणारा काळच महत्त्वाचा ठरतो.

हा फरक साध्या हिशोबाने दाखविता येतो. ४ किलोबाइटांच्या नोंदी एकामागून एक वाचताना चुंबकीय तबकडी सेकंदाला ८० नोंदी, म्हणजे सुमारे ०.३ मेगाबाइट वाचते. साटा मार्गावरील संचयकास एका नोंदीस सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात असे धरल्यास तो १०,००० नोंदी, म्हणजे सुमारे ४० मेगाबाइट वाचतो. ५० मायक्रोसेकंद घेणारा चांगला एनव्हीएमई संचयक सुमारे ८० मेगाबाइट वाचतो. तबकडीवरून पहिल्या प्रकारच्या संचयकावर येताना वेग शंभर पटींहून अधिक वाढतो. तेथून दुसऱ्या प्रकारावर येताना तो केवळ दुप्पट होतो. वेष्टनावर मात्र ५५० ऐवजी ७,००० किंवा १४,००० असे आकडे झळकत असतात. जुन्या संगणकात पहिल्यांदा घन-अवस्था संचयक बसविणाऱ्यास जो आश्चर्यकारक बदल जाणवतो, तो नंतरच्या प्रत्येक महाग खरेदीत का जाणवत नाही, याचे उत्तर या हिशोबात आहे.

हा उरलेला अडथळा दूर करण्याचा एक मोठा प्रयत्नही झाला. इंटेल व मायक्रॉन या कंपन्यांनी २०१५ मध्ये फ्लॅशहून वेगळ्या तत्त्वावरील थ्रीडी क्रॉसपॉइंट ही स्मृती जाहीर केली. २०१७ पासून ऑप्टेन नावाने विकल्या गेलेल्या संचयकांत एक नोंद वाचण्यास सुमारे १० मायक्रोसेकंद पुरत. क्रमाने वाचण्याचा त्यांचा वेग समकालीन फ्लॅश संचयकांहून मात्र अधिक नव्हता आणि दर गिगाबाइटामागील किंमत कितीतरी पट होती. त्यांना घरगुती बाजारपेठ लाभली नाही व २०२२ मध्ये इंटेलने हा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले.

आयुष्य व धारणा : झिजेच्या भीतीने प्रारंभी अनेक जण या साधनापासून दूर राहिले. घरगुती वापरात ती भीती बहुतांशी निराधार आहे. १ टेराबाइटाच्या तीन बिटी संचयकावर एकूण ६०० टेराबाइट लिहिता येतील अशी हमी बहुधा दिलेली असते. रोज ३० गिगाबाइट लिहिले, तरी ही मर्यादा गाठण्यास ५४ वर्षे लागतील. संगणक त्याआधीच कालबाह्य होईल.

खरा धोका वेगळा आहे. टोराँटो विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी मोठ्या संगणककेंद्रांतील सहा वर्षांच्या वापराचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार चुंबकीय तबकड्यांच्या मानाने घन-अवस्था संचयक बदलावे लागण्याचे प्रमाण कमी होते. परंतु पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के संचयकांत दुरुस्त न होणारी किमान एक चूक उद्भवली. एक बिटाचे महाग संचयक दोन बिटांच्या संचयकांहून प्रत्यक्षात अधिक विश्वसनीय ठरले नाहीत, हेही या अभ्यासात आढळले. चुंबकीय तबकडी बिघडण्यापूर्वी अनेकदा खरखरू लागते. घन-अवस्था संचयक मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडू शकतो.

दुसरा धोका उष्णतेचा आहे. कोष्ठातील भार हळूहळू गळत असतो व तापमान वाढले की गळती वाढते. २०१० मधील प्रमाणकानुसार घरगुती वर्गातील संचयकाने हमीइतके सर्व लेखन पूर्ण झाल्यानंतरही ३०° से. तापमानास विद्युत् पुरवठ्यावाचून एक वर्ष माहिती टिकविणे अपेक्षित आहे. नव्या संचयकाची धारणा याहून पुष्कळ अधिक असते. तरीही विदर्भासारख्या, उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर जाणाऱ्या प्रदेशात झिजलेला संचयक कपाटात वर्षानुवर्षे ठेवून त्यावर कुटुंबाची छायाचित्रे वा महत्त्वाची कागदपत्रे विसंबून ठेवणे धोक्याचे आहे. चालू संचयक तापल्यास नियंत्रक स्वतःच वेग कमी करतो. पाचव्या आवृत्तीचे संचयक १० वॉटच्या आसपास शक्ती वापरत असल्याने त्यांवर उष्णताशोषक धातूची पट्टी बसवावी लागते.

निवडीचे निकष : वरील विवेचनावरून घरगुती संगणकासाठी संचयक निवडण्याचा क्रम ठरविता येतो. प्रथम संगणकाच्या मुख्य मंडलपट्टाची माहितीपुस्तिका पाहून कोणता मार्ग उपलब्ध आहे हे निश्चित करावे. चौथ्या आवृत्तीचा संचयक तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेत चालतो, पण तिसऱ्या आवृत्तीच्या वेगानेच. काही मंडलपट्टांवर एम.२ खाच वापरल्यास साटाच्या एकदोन जोडण्या बंद होतात. एम.२ खाचच नसलेल्या जुन्या संगणकास साटा संचयकानेही पुष्कळ नवजीवन मिळते.

त्यानंतर धारकता ठरवावी. एका मालिकेतील मोठ्या संचयकात अधिक चकत्या समांतर काम करीत असल्याने तो बहुधा लहानापेक्षा जलद असतो. शिवाय दहा ते वीस टक्के जागा मोकळी राहिल्यास नियंत्रकास पुसण्याची व हलविण्याची कामे सुलभ होतात. तिसरा प्रश्न कोष्ठातील बिटांचा. कार्यप्रणाली व रोजचे काम यांसाठी तीन बिटांचा संचयक श्रेयस्कर आहे. क्वचित बदलणारा मोठा संग्रह वेगाने वाचण्यासाठी चार बिटांचा स्वस्त संचयक पुरेसा होतो. चौथा प्रश्न तक्त्यासाठीच्या स्मृतीचा. स्वतंत्र स्मृती असल्यास उत्तम. निदान मुख्य स्मृतीतील भाग उसना घेण्याची सोय असावी. अखेरीस हमीची वर्षे व एकूण लेखनाची मर्यादा यांची तुलना करावी.

केवळ नावावर विसंबणे मात्र योग्य नाही. काही उत्पादकांनी नाव तेच ठेवून आतील चकत्या वा नियंत्रक बदलल्याचे २०२१ मध्ये उघडकीस आले व काही बाबतींत नवे साधन जुन्याहून मंद होते. त्यामुळे जुन्या चाचणीवरून आज विकत घेतलेल्या साधनाचा वेग निश्चित सांगता येत नाही. अविश्वसनीय स्वस्त दरात विकल्या जाणाऱ्या प्रचंड धारकतेच्या संचयकांत खोटी धारकता नोंदविलेली असण्याची शक्यता असते. अशा साधनात खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेली माहिती नष्ट होते.

जास्तीत जास्त वेगाची गरज कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. ५० गिगाबाइटांचे चित्रीकरण ५५० मेगाबाइट वेगाने वाचण्यास सुमारे दीड मिनिट व ५,००० मेगाबाइट वेगाने १० सेकंद लागतात. चित्रपट-संपादकाच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. परंतु तीच माहिती सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट वाहणाऱ्या घरगुती जालजोडणीतून येत असेल, तर कोणताही संचयक बसविला तरी सव्वासात मिनिटे लागतातच. लेखन, हिशोब, पत्रव्यवहार व अध्ययन यांसाठी मध्यम दराचा संचयक घेऊन उरलेल्या पैशात माहितीची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वेगळे साधन घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. ही प्रत नित्यनेमाने अद्ययावत करावी आणि शक्य असल्यास वेगळ्या ठिकाणी ठेवावी. जलद वाचणे आणि दीर्घकाळ जपणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. घन-अवस्था संचयकाने पहिले कार्य उत्कृष्ट रीतीने साधले आहे. दुसऱ्याची जबाबदारी मात्र रॅमॅकच्या काळाप्रमाणेच आजही वापरणाऱ्याकडेच राहिली आहे.